झाकणाखालचं

कन्सोल उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांतून सगळ्यात आधी बाहेर आलं ते कांद्याचं फोलपट.

आमचं घर अवसरी बुद्रुकला आणि घराला लागूनच कांद्याची बराख. दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा गेमिंग कन्सोल त्याच भिंतीकडेला सात वर्षं चालला. शेवटी शेवटी गेम लावला की पाच मिनिटांत पंखा असा ओरडायचा की आजी आतून विचारायची, "गिरणी चालू केली का रं?" आणि वीसेक मिनिटांत तो गरम होऊन आपोआप बंद पडायचा. दादाला तो विकायचा होता. मी डिप्लोमाला, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूचा डॉक्टर मीच.

रोग साधा होता. प्रोसेसरची चिप आणि तिच्यावर बसणारा धातूचा हीटसिंक डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोघांच्याही पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात. त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि हवा उष्णता नेण्यात अगदी आळशी. तांब्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सहज वाहते. थर्मल पेस्टचं काम एवढंच, की त्या फटींत शिरून हवेला बाहेर काढायचं. ती स्वतः तांब्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून जाड थापून फायदा नसतो; पातळ, सलग थर हवा. वर्षानुवर्षं तापून आणि निवून ती कडेला सरकते, सुकते. आमच्या कन्सोलमधली तर खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवीन लावली.

घोटाळा त्याच्या आधीच झाला होता. मेमरीच्या चिपांवर पेस्ट नसते, मऊ थर्मल पॅड असतात. हीटसिंक उचलताना त्यातला एक चिकटून आला आणि मधोमध फाटला. नवीन पॅड त्याच जाडीचा लागतो. पातळ असला तर फट राहते, जाड असला तर हीटसिंक प्रोसेसरवर नीट टेकत नाही. तो मागवायला चार दिवस लागणार होते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं. मी दोन तुकडे शेजारी शेजारी जुळवून ठेवले आणि झाकण लावलं. दोन तास गेम चालवून पाहिला. पंखा शांत, कन्सोल बंद पडला नाही. दादा खूश.

सकाळी शेजारच्या गावचे एक काका आणि त्यांचा दहावीतला मुलगा आले. नऊ हजार ठरले होते. काकांनी दुधाच्या पगाराच्या नोटा दोनदा मोजल्या, पण लगेच दिल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच उघडला होता ना? मग तूच सांग, आतनं समदं नीट हाये का?"

मी म्हणालो, "एक नंबर आहे, काका."

ते गेल्यावर मी दादाला पॅडचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, सेकंडहँड माल आहे. नऊ हजारांत मिळतोय म्हणजे थोडं उन्नीस-बीस असणार, हे त्यांनाही कळतं. आणि चालतोय ना?"

दादाचं म्हणणं मला अजूनही अगदीच टाकाऊ वाटत नाही. कायदासुद्धा काही अंशी त्याच्या बाजूनं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ सांगतं, की नुसतं गप्प बसणं ही फसवणूक नव्हे. तिथलं उदाहरण घोड्याचं आहे. लिलावात कुणी सदोष घोडा विकला आणि दोषाबद्दल अवाक्षर काढलं नाही, तरी ती फसवणूक ठरत नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य होतं. आणि घेणारा म्हणाला, की तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट धरतो, तर गप्प बसणं हेच बोलणं ठरतं. काकांनी तर मला सरळ प्रश्न विचारला होता. आणि मी गप्पही बसलो नव्हतो.

तरी कायदा बाजूला ठेवू. माझा गोंधळ वेगळा होता. तो पॅड कदाचित आणखी पाच वर्षं काहीच त्रास देणार नव्हता. ज्याचा परिणामच होणार नाही, ते लपवण्यात वाईट काय?

उत्तर मला बराखीत बसून कांदा निवडताना सापडलं. आमच्याकडे गोळा वेगळा, गोल्टी वेगळी, बदला वेगळा. गोणीच्या तोंडाशी चकचकीत माल आणि मध्ये बदला, हा मोह प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तर व्यापारी गोणी ओतून बघतो. बदला विकणं हा गुन्हा नाही; त्यालाही गिऱ्हाईक असतं, त्याचा भाव ठरतो. फक्त तो बदला म्हणून विकावा लागतो.

काकांना कन्सोल ओतून बघता येत नव्हता. त्याचं वय, ओरखडे, जुनेपणा हे सगळं त्यांना माहीत होतं आणि नऊ हजारांत तेवढी जोखीम त्यांनी समजून उचलली होती. पण आदल्या रात्री माझ्या हातून जे फाटलं, ती जोखीम त्यांची नव्हती. ती मी गुपचूप त्यांच्या गोणीत टाकली. कन्सोल पुढे बिघडतो की नाही, हा नशिबाचा भाग. पण निर्णय त्यांचा होता आणि तो मी परस्पर घेऊन टाकला होता. हे नुकसान कन्सोल चालू असतानाही झालेलंच होतं.

वस्तू आपली, तर ती उघडून दुरुस्त करायचा हक्कही आपला, असं मी मित्रांना तावातावानं सांगत असतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, तेव्हापासून तर जास्तच. पण उघडण्याचा हक्क मागणाऱ्यानं आत काय केलं ते सांगायलाही हवं, हे त्या भांडणात मला कधी आठवलंच नव्हतं.

पॅड मागवला. आला तेव्हा काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. दादा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. "नऊ हजार परत मागितले तर तू देणार का?" एवढंच विचारून गेला.

काका कन्सोल खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन आले. हीटसिंक पुन्हा काढला म्हणजे पेस्टही पुन्हा लावावी लागते. ती या वेळी त्यांच्या मुलाला लावायला दिली. पैसे त्यांनी परत मागितले नाहीत. निघताना मात्र थांबले.

"त्या दिवशीच सांगितलं असतं, तर मी काय घेतला नसता का?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता कुणाचंही यंत्र उघडलं की झाकण लावण्याआधी मी आतला फोटो काढून मालकाला पाठवतो. काही फाटलं असेल, तर त्याचाही.