नारदमुनींची तपासणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या वर्षी आमचे चिरंजीव कंपनीचं दोन दिवसांचं शिबिर करून घरी आले. ते मानकोलीकडच्या एका मोठ्या गोदामात नोकरीला आहेत. शिबिराचा विषय होता ‘महाभारतातून मॅनेजमेंट’. जेवताना मला म्हणाले, “बाबा, श्रीकृष्ण हा जगातला सर्वांत मोठा मॅनेजर. अर्जुनासारखं टार्गेट ठेवायचं, शकुनीसारखा माणूस टीममध्ये ठेवायचा नाही.” मी मान डोलावली. पण रात्री झोप येईना. वाटलं, ज्या युद्धात अठरा अक्षौहिणी सैन्य उतरलं आणि पांडवांच्या बाजूला शेवटी पाच भाऊ, श्रीकृष्ण आणि सात्यकी असे सातजण उरले, त्याचा ताळेबंद कोणत्या मॅनेजरने नफ्यात दाखवावा?

मी बी.कॉम. झालेला माणूस, बँकेत अडतीस वर्षं कारकुनी केली. संस्कृत मला शाळेपुरतंच येतं. निवृत्तीनंतर मात्र मराठी भाषांतर समोर ठेवून महाभारत क्रमाने वाचायला घेतलं. सभापर्वात पोचलो आणि पाचव्याच अध्यायात थबकलो. मयासुराने बांधलेल्या नव्या सभेत धर्मराज बसले आहेत, नारदमुनी येतात. पूजा, अर्घ्य झाल्यावर मुनी प्रश्न विचारू लागतात. एक नाही, दोन नाही, शंभराच्या वर! चिरंजीवांच्या शिबिरात हा अध्याय कोणी सांगितला नव्हता.

हे प्रश्न मोठे व्यवहारी आहेत. तुझा खर्च उत्पन्नाच्या पाव, अर्ध्या किंवा फार तर पाऊण हिश्शात भागतो ना? सैनिकांचं वेतन आणि शिधा ठरल्या वेळी देतोस ना, की लांबवतोस? तुझ्यासाठी जे मेले त्यांच्या बायकापोरांना सांभाळतोस ना? राज्यात जागोजागी तळी भरलेली आहेत ना, की शेती नुसत्या पावसाच्या भरवशावर सोडली आहेस? शेतकऱ्याला बियाणं कमी पडत नाही ना, त्याला सवलतीने कर्ज मिळतं ना? आंधळे, पांगळे, अनाथ यांना बापासारखा पाळतोस ना? आणि एका प्रश्नाने तर मला हसूच आलं. तुझे गणक आणि लेखक रोज सकाळी जमाखर्च लिहून तुला दाखवतात ना? गणक-लेखक म्हणजे आम्हीच की! व्यासांनी कारकुनालाही जागा दिली आहे. रामायणातही अयोध्याकांडात चित्रकूटावर भेटायला आलेल्या भरताला प्रभू रामचंद्र असेच एकामागून एक प्रश्न विचारतात.

बँकेत ज्याने दिवस काढले त्याला हा प्रकार लगेच ओळखू येईल. हे इन्स्पेक्शन आहे! आमच्या शाखेत तपासणी अधिकारी यायचे, तेव्हा असेच छापील प्रश्न असायचे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे आहेत का? रोख रोज मोजली जाते का? आम्ही समोर ‘होय’ लिहायचो आणि अहवाल आला की पूर्ततेचं पत्र पाठवायचो. धर्मराजांनीही पूर्ततेचं पत्र दिलं. शेवटी ते म्हणतात की आपण सांगितलंत तसंच मी करीन, आपल्या बोलण्याने माझी बुद्धी वाढली.

आता पुढची गंमत बघा. गंमत कसली, दुःखच. त्याच प्रश्नांत एक प्रश्न मद्यपान, द्यूत आणि चैन यांवर होणाऱ्या खर्चाचाही आहे. द्यूत! नारदांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. आणि त्याच सभापर्वात, पुढे काही अध्यायांनी, धर्मराज द्यूताला बसतात. धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी, सगळं पणाला लावून हरतात. म्हणजे तपासणी उत्तम झाली, उत्तरं बिनचूक दिली, आणि शाखा बुडाली.

तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला तो असा. बरोबर काय हे माहीत असलेला माणूस ऐनवेळी चुकतो, तो का? ज्ञान कमी पडतं म्हणून म्हणावं, तर त्या सभेत ज्ञानाला तोटा नव्हता. भीष्म होते, द्रोण होते, कृपाचार्य होते. याच भीष्मांनी पुढे शांतिपर्वात शरशय्येवरून धर्मराजांना राजधर्म शिकवला. राज्यकारभारावरचं एवढं मोठं शिकवणं आपल्याकडे दुसरं नसेल. पण द्रौपदीने भर सभेत विचारलेला प्रश्न साधा होता. माझे पती आधी स्वतःला हरले की मला? आमच्या भाषेत सांगायचं तर, ज्याचा सहीचा अधिकारच संपला त्याची सही चालते का? भीष्म म्हणाले, धर्माची गती सूक्ष्म आहे. बोलले फक्त विदुर, आणि कौरवांमधला एक धाकटा भाऊ विकर्ण. विकर्णाला कर्णाने तिथल्या तिथे गप्प बसवलं. पण तो बोलला. त्या सभेत पदाने सर्वांत लहान असलेल्यांपैकी एकाने नेतृत्व केलं असं मी म्हणेन.

नेतृत्व म्हणजे खुर्ची नव्हे, हे आपल्या भिवंडीतही मी पाहिलं आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. आपल्या गावात लूमवरच्या कामगाराचा हिशेब रोखीने होतो. दुसऱ्या दिवशी बँका बंद होत्या, त्यानंतर आमच्या काउंटरसमोर ज्या रांगा लागल्या त्या विसरता येणार नाहीत. काही मालकांनी जुन्याच नोटा कामगारांच्या हातात ठेवून त्यांना रांगेत उभं केलं. पण एक चोवीस लूमचा छोटा मालक रोज सकाळी आपल्या माणसांबरोबर स्वतः रांगेत उभा राहायचा. फॉर्म भरून द्यायचा, ज्याला लिहिता येत नाही त्याच्या अंगठ्याशेजारी बसायचा. त्याने महाभारत वाचलं होतं की नाही, ठाऊक नाही. नारदांचा वेतनाचा प्रश्न मात्र तो रोज सोडवत होता.

आणि दुसरं उदाहरण पुण्याचं. भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातून हजारावर हस्तलिखितं मिळवून ती ओळीला ओळ ताडून पाहायची, एवढं ते काम. १९२५ पासून डॉ. वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक होते. १९४३ साली ते गेले, तेव्हा काम अर्ध्यावरही आलं नव्हतं. ते डॉ. बेलवलकरांनी पुढे नेलं, त्यांच्यानंतर डॉ. प. ल. वैद्यांनी, आणि १९६६ साली ते पुरं झालं. ज्या सभापर्वाबद्दल मी लिहितो आहे, त्याचं संपादन तर फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केलं. माणूस गेला तरी काम थांबलं नाही, अशी घडी सुकथनकरांनी बसवून दिली होती. मला वाटतं, महाभारतातून मॅनेजमेंट शिकायचं तर इथूनही शिकावं.

इथवर लिहिणं सोपं होतं. आता अवघड भाग.

नारदांचा आणखी एक प्रश्न आहे. एखाद्या शुद्ध मनाच्या, सरळ माणसावर चोरीचा आळ येऊन, लोभी अधिकाऱ्यांच्या हातून त्याला शिक्षा तर होत नाही ना? ही ओळ वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. चार दिवस उघडलं नाही.

साल १९८९. माझी नेमणूक तेव्हा भिवंडीबाहेरच्या एका शाखेत होती. एका संध्याकाळी रोख पाच हजारांनी कमी भरली, पन्नासच्या नोटांचं एक पाकीट गायब. आमच्याकडे एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. रोखपेटी त्यांनी आत नेली होती, म्हणून संशय त्यांच्यावर गेला. पण त्या दुपारी एका साहेबांनी आपल्याकडची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली होती आणि ते बाहेर गेले होते. खोली बराच वेळ उघडी होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशीत मला विचारलं, “पेटी नेताना तुम्ही कोणाला पाहिलंत?” मी म्हणालो, “मामांना.” उत्तर खरं होतं. मी तिथेच थांबलो. माझी आई इथे आजारी होती, आणि भिवंडीला बदली मागणारा माझा अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर होता.

मामांवर चोरी शाबीत झाली नाही. पण पैसे त्यांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापले गेले आणि त्यांना दूरच्या शाखेत पाठवलं. माझी बदली तीन महिन्यांत झाली.

‘नरो वा कुंजरो वा’ आपण लहानपणापासून ऐकतो. अर्ध्या सत्यापायी धर्मराजांचा जमिनीवर चार बोटं चालणारा रथ खाली टेकला, हेही ऐकतो. माझा रथ कधी वर नव्हताच, त्यामुळे तो टेकल्याचं मला कळलंही नाही. आई बरी झाली, घर बांधलं, मुलं शिकली. मी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जात राहिलो.

आपल्या दत्तप्रभूंच्या उपासनेत भागवताच्या एकादश स्कंधातलं अवधूताचं चरित्र मोठं आहे. यदुराजा अवधूताला विचारतो, तू एवढा आनंदी कसा? तो आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, समुद्र, कबूतर, अजगर, मधमाशी, अगदी जाळं विणणारा कोळीसुद्धा. गावात एवढ्या लूम चालत असताना हा विणकर गुरू आपल्याला जवळचा वाटावा. मला यातलं एक उमगलं ते असं, की अवधूताने कबुतराकडून ‘लोकांना कसं वागवावं’ हे शिकलं नाही. स्वतः कुठे अडकतो, ते शिकला. शिबिरवाले महाभारत वाचतात ते दुसऱ्यांना चालवण्यासाठी. अवधूत जग वाचतो ते स्वतःला तपासण्यासाठी. शकुनी टीममध्ये नको हे ठीक. पण माझ्यातला गप्प बसणारा भीष्म कोण काढणार?

मामांचा पत्ता शोधायला मला दोन महिने लागले. ते वाड्याच्या बाजूला आपल्या गावी राहतात, ऐंशीच्या पुढे गेले आहेत. मी अंगणात बसून सगळं सांगितलं. किल्लीचं, माझ्या अर्जाचं, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, मला ठाऊक होतं तुम्ही पाहिलंय. पैसे काय, फिटले. पण माझा पोरगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने शाळेत ऐकलं की बाप चोर आहे. त्याने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. तेवढं त्याला सांगा.”

मुलगा संध्याकाळी शेतावरून आला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. मी त्याच्यासमोर उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं. तो मला एक शब्द बोलला नाही. आत गेला आणि बापाच्या शेजारी जाऊन बसला. मी निघालो. माफी मिळाली असं मी म्हणणार नाही, मागण्याचा धीरही झाला नाही.

वाचकहो, आपल्यापैकी बरेच जण निवृत्त आहेत. हिशेबाच्या वह्या बंद केल्या, खुर्च्या दुसऱ्यांना दिल्या. पण नारदमुनी निवृत्त माणसाकडेही येतात. ते विचारतील, तुझ्या गप्प बसण्याने कोणाचं काही गेलं आहे का? गेलं असेल, तर ते माणूस हयात असेपर्यंतच परत करता येतं. दत्तजयंतीच्या पालखीपुढे हात जोडताना मी यंदा एवढंच मागणार आहे की माझा जबाब पुरा लिहून घ्या, आणि पुढे कोणी विचारलं तर अर्ध्यावर थांबू देऊ नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!