कौटुंबिक स्मृतिसंग्रह: उद्दिष्टाचे माप

कुटुंबाच्या आठवणी जपण्याचा छंद बहुधा मोठ्या संकल्पाने सुरू होतो. घरातील सर्व छायाचित्रे स्कॅन करावीत, सात पिढ्यांची वंशावळ पूर्ण करावी असे ठरते आणि काही महिन्यांत ते काम मागे पडते. त्याला आळसापेक्षा उद्दिष्टाची मांडणीच अधिक कारणीभूत असते, कारण अशा संकल्पात काम वस्तूंच्या संख्येने मोजले जाते, तर वस्तूंच्याही आधी नाहीसे होते ते त्यांविषयीचे ज्ञान. छायाचित्र कपाटात आणखी वीस वर्षे टिकेल. त्यात मागच्या रांगेत उभी असलेली परकरातली मुलगी कोण, हे सांगू शकणाऱ्या आजींनी मात्र ऐंशी ओलांडलेली असते. म्हणून पहिले उद्दिष्ट एका व्यक्तीपुरते असावे: एका बैठकीत मोजकी छायाचित्रे समोर ठेवून नावे, नाती, गाव व प्रसंग विचारावेत आणि ते मागील बाजूस कडेला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावेत, कारण बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूस उमटतो.

महाराष्ट्रात या छंदामागे जुनी परंपरा आहे. कुलवृत्तांत, म्हणजे एका घराण्याची वंशावळ व माहिती देणारा ग्रंथ, आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्री आलेल्या यजमानांची नावे व गावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदली गेली, ही दोन्ही साधने मोलाची आहेत. परंतु त्यांची रचना मुख्यतः पुरुषवंशाने चालते. लग्नानंतर आडनाव आणि पुष्कळदा मूळ नावही बदललेली स्त्री तेथे कोणाची तरी पत्नी म्हणून येते आणि तिचे माहेर गळून पडते. पणजीचे माहेरचे नाव, गाव आणि भावंडे शोधणे हे उद्दिष्ट दिसायला लहान असले, तरी सात पिढ्यांच्या पुरुषनामावळीपेक्षा ते अधिक निकडीचे आहे, कारण ही माहिती बहुतेक घरांत केवळ तोंडीच उरलेली असते.

मर्यादित हेतूतून किती मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण मराठीतच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्रासाठी साधने हवीत म्हणून त्यांचे पुत्र देवदत्त यांनी आईला आठवणी लिहायला सांगितले, आणि त्यातून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ घडले, ज्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे पतीच्या चरित्राची साक्षीदार म्हणून लिहू लागलेली स्त्री स्वतःच ग्रंथाच्या केंद्रस्थानी आली. घरोघरच्या संग्राहकानेही सांगणाऱ्याला विषयापासून भरकटण्याची अशीच मोकळीक द्यावी.

वाटणी, कर्ज, मोडलेली सोयरीक अशा विषयांवर दोन भावंडांच्या हकिकती जुळत नाहीत, तेव्हा त्यांची एक सुसंगत गोष्ट करण्याचा मोह टाळून दोन्ही हकिकती सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह नोंदवाव्यात; आणि एखादी गोष्ट आपल्या पश्चातच उघडावी असे कोणी सांगितले, तर ती वेगळ्या पाकिटात ठेवून त्यावर तसे स्पष्ट लिहावे.