लाइनला झेपेल तेवढे

मुधोळ म्हटले की बहुतेक मराठी वाचकांना बागलकोट जिल्ह्यातले, घोरपड्यांच्या संस्थानाचे आणि शिकारी कुत्र्यांचे मुधोळ आठवते. मी लिहितो आहे ते दुसरे. गोदावरीकाठच्या बासरजवळचे, कापूस विकायला भैंशाला जाणारे, आदिलाबाद जिल्ह्यातले मुधोळ. तेलंगणातल्या २०१६ च्या जिल्हा फेररचनेपासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून आदिलाबादच आहे. त्याही आधी, निजामाच्या राज्यात, मुधोळ हा नांदेड जिल्ह्यातला तालुका होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने त्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली आणि धर्माबाद नांदेडकडेच राहिले. पुढे टेलिफोन आले तेव्हा त्यांनीही तीच रेषा गिरवली. आमच्याकडचे एसटीडी कोड ०८ ने सुरू होतात, धर्माबादचा ०२ ने. सोयरीक मात्र दोन्ही कोडांत पसरलेली.

या गावातल्या आमच्या घरी, नवे शतक नुकते सुरू झाले होते तेव्हा, एका वापरून जुन्या झालेल्या संगणकाला डायल-अप इंटरनेट जोडले गेले. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महानगरांत ही सेवा लोकांना खुली केली होती. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली. आमच्यापर्यंत यायला तिला आणखी काही वर्षे लागली. आता ते सगळे तंत्र मागे पडले आहे. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. डायल-अपच्या आठवणी निघतात तेव्हा त्या बहुतेक त्या चिरकण्याच्या, खरखरण्याच्या आवाजाच्या असतात. मला त्या आवाजात काय चालले होते ते महत्त्वाचे वाटते. दोन असमान यंत्रांनी एकमेकांशी कसे वागावे याचा एक सभ्य नमुना त्यात होता, आणि आवाजाबरोबर आपण तोही टाकून दिला.

काकांनी हैदराबादहून आणलेला तो संगणक पेंटियम जातीचा, ३२ एमबी रॅमचा, विंडोज ९८ वर चालणारा. अशा यंत्राला मॉडेम निवडताना जपावे लागे. बाजारात स्वस्त मिळत ती आत खाचेत बसणारी कार्डे. ती स्वस्त असत कारण आवाज ओळखण्याचे आणि सावरण्याचे गणित ती स्वतः करीतच नसत, संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलत. नव्या यंत्राला हा भार जाणवत नसे. जुने मात्र दुसरे काही काम निघताच अडखळे आणि लाइन तुटे. भैंशाला संगणकाचे दुकान चालवणाऱ्या मुलाला हे पक्के ठाऊक होते. त्याने बाहेरचाच मॉडेम घ्यायला लावला: वेगळा वीजपुरवठा, समोर दिव्यांची रांग, मागून संगणकाच्या सिरिअल पोर्टला जाणारी जाड केबल.

त्या पोर्टचेही वय पाहावे लागते. मागे बसलेली चिप जुनी ८२५० असेल तर तिच्याकडे आलेला एकच बाइट थांबू शकतो. सेकंदाला १,१५,२०० बिट या गतीने पुढचा बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येऊन थडकतो, आणि तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नसेल तर तो हरवतो. १६५५० या नंतरच्या चिपमध्ये सोळा बाइट थांबू शकतात. सोळाच, पण तेवढ्या उसंतीवर जुने यंत्र तग धरते. आमच्यात ती होती. शिवाय माउस कॉम-१ वर असेल तर मॉडेम कॉम-३ ला द्यायचा नाही, कारण दोघेही प्रोसेसरला चार नंबरच्याच इंटरप्टने हाक मारतात आणि एक हलला की दुसरा गप्प होतो. म्हणून मॉडेम कॉम-२ वर.

बाकीचे काम सोपे होते. विंडोजच्या सीडीवरून डायल-अप नेटवर्किंग बसवायचे, नवे कनेक्शन करायचे, १७२ ने सुरू होणारा, स्थानिक कॉलच्या दरात लागणारा नंबर भरायचा. प्रोटोकॉलांपैकी टीसीपी/आयपी तेवढा ठेवायचा, पत्ता सर्व्हर देईल असे सांगायचे. आणि डायल टोनची वाट पाहण्याची खूण काढून टाकायची, कारण परदेशी घडणीच्या मॉडेमला आपल्या एक्स्चेंजचा टोन ओळखता येईलच असे नसे. टोन वाजत असूनही तो ‘टोन नाही’ म्हणून फोन ठेवून देई.

टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या बोलण्याच्या मापाने कापलेली आहे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ती वाहून नेते. आपल्या शिक्षाग्रंथांनी ज्यांना ऊष्म म्हटले त्या वर्णांपैकी ‘स’ची बरीचशी शक्ती या पट्ट्याच्या वर असते, म्हणून फोनवर फडके आहेत की सडके हे विचारून घ्यावे लागते. जे पाठवायचे ते याच पट्ट्यात बसवणे मॉडेमला भाग होते. आकडे, अक्षरे, चित्रे, सगळ्यांनी आधी आवाज व्हायचे आणि पलीकडे पोहोचून पुन्हा अक्षरे व्हायचे. आमच्यापासून थोड्याच अंतरावर बासरला सरस्वतीच्या देवळात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आईबाप मुलांना घेऊन येतात आणि त्यांच्या हातून पहिले अक्षर काढून घेतात. तिथे नादाकडून अक्षराकडे जाणे होते. तारेवर अक्षर पुन्हा नादाकडे जात होते. वाग्देवीच्या शेजाराला हे शोभून दिसले, असे मला अजून वाटते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध करून ठेवले होते की पट्टा किती रुंद आणि खरखर किती, यावर कोणत्याही मार्गाची कमाल मर्यादा ठरते. हुशारीने तिच्या जवळ जाता येते, पलीकडे नाही. बोलण्याच्या पट्ट्यासाठी ही मर्यादा सेकंदाला पस्तीसएक हजार बिटांच्या आसपास येते, आणि व्ही.३४ या मानकाचे मॉडेम ३३,६०० पर्यंत जाऊन तिला जवळजवळ टेकले होते. १९९८ मध्ये आलेल्या व्ही.९० ने ५६,००० चा आकडा दिला, पण तो नियम मोडून नव्हे. एक्स्चेंज डिजिटल असेल, तर इंटरनेटकडून एक्स्चेंजपर्यंतचा सगळा प्रवास आकड्यांतच होतो आणि आवाजाचे रूप फक्त शेवटच्या तारेवर घ्यावे लागते. त्यामुळे खरखरीचा एक मोठा हिस्सा मुळातच टळतो.

म्हणजे मुधोळसारख्या गावात ५६ के म्हणायला आधी गावात डिजिटल एक्स्चेंज हवे. ते भारतात खेड्यांपर्यंत गेले याचे मोठे श्रेय १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेला आहे. सॅम पित्रोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांसाठी १२८ पोर्टांचे लहान एक्स्चेंज घडवले. पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. धूळ, उन्हाळा, जाणारी-येणारी वीज हे सगळे गृहीत धरून ते आखलेले होते. परदेशी बनावटीच्या एक्स्चेंजांना थंड खोली लागे आणि ती खेड्यात नसे, म्हणून खेड्याला फोन नसे. या मंडळींनी खेडे जसे आहे तसे मोजले आणि यंत्र त्याला बेताचे केले. भारतीय अभियांत्रिकीतली ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मॉडेमचा आवाज म्हणजे असेच मोजणे. नंबर लागल्यावर पलीकडचा मॉडेम २१०० हर्ट्झचा एक लांब सूर धरतो. तो ऐकून लाइनीतली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बाजूला होते, कारण आता दोघे एकाच वेळी बोलणार असतात. मग प्रत्येकजण आपल्याला कोणकोणती मानके येतात ते सांगतो. दोघांना येणारे सर्वांत वरचे मानक ठरते. त्यानंतर मोजणी सुरू होते. व्ही.३४ पासून मॉडेम १५० ते ३७५० हर्ट्झपर्यंतचे अनेक सूर एकदम लाइनीवर सोडतात. पलीकडचा ऐकतो की कोणता सूर धड पोहोचला, कोणता दबला, कोणत्यात खरखर मिसळली. तो निकाल तो परत कळवतो. मग दोघे मिळून गती ठरवतात, आणि ती ठरल्यावर नाव, पासवर्ड, पत्ता. लोकांना जो कर्कश गोंगाट वाटे, तो हा सवालजबाब होता.

मुधोळला पावसाळ्यात तांब्याच्या जोडांत ओल शिरते. लाइनमन खांबावर चढायच्या आधी आमच्या फोनला कान लावून ‘थोडी खरखर है’ म्हणे, आणि त्याच संध्याकाळी संगणकाच्या कोपऱ्यात ४४,००० ऐवजी २८,८०० हा आकडा दिसे. जोडणी होत असे, फक्त हळू. मधेच खरखर वाढली तर दोन्ही मॉडेम क्षणभर थांबत, पुन्हा मोजत आणि आणखी खाली उतरत. सर्व्हरच्या बाजूचे यंत्र आमच्यापेक्षा कितीतरी समर्थ होते. उतरायचे ते त्याने, कारण त्यालाच उतरता येत होते. प्रत्येक नवे मानक आधीची मानके पोटात घेऊनच येई, त्यामुळे नवाकोरा मॉडेमही जुन्या, मंद मॉडेमशी त्याच्या गतीने बोलू शके.

आमच्या गावच्या बाजारात हाच नियम पूर्वीपासून चालत आला आहे. दुकानदार तेलुगूत सुरुवात करतो. समोर कुबेरकडची म्हातारी मराठीत बोलते. तो दोन शब्द ऐकतो आणि मराठीवर येतो. मुसलमान गिऱ्हाईक आले की दखनी. ज्याला अधिक भाषा येतात तो दुसऱ्याच्या भाषेत शिरतो, आणि यात कमीपणा आहे असे कुणाला वाटत नाही. १९५६ ची रेषा ज्या माणसांवरून ओढली गेली त्यांनी ती अशीच रोजच्या व्यवहारात निभावली. सरकारी कागद उर्दूतून आले, मग तेलुगूतून आले. पण मापाला बसलेला माणूस समोरच्याला काय झेपते ते पाहूनच बोलत राहिला.

मराठीला त्या तारेवर काय झेपत होते? फार थोडे. विंडोज ९८ ला युनिकोडमधली देवनागरी नीट मांडता येत नसे. प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो आधी उतरवून घ्या, मग बातमी वाचा. मायबोली १९९६ सालीच सुरू झाली होती, आणि पुण्या-अमेरिकेतली मराठी माणसे तिथे भेटत होती. आमच्या घरातून पहिली पत्रे गेली ती रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीत. काकू कधीच त्या अक्षरांना सरावल्या नाहीत. वाचून दाखवले की मात्र मजकूर ओळखत. निखळ मजकुराचे एक पान तारेवर दोन-तीन सेकंदांत येई. मॉडेम त्याचा आकार आधी दाबून लहान करीत आणि वाटेत बिघडलेला तुकडा आपणहून पुन्हा मागून घेत. दोन पानांचे पत्र अडीच दशकांपूर्वीच्या ओल्या तारेलाही जड नव्हते.

तो संगणक आज चालू केला आणि कुठून तरी लाइन मिळवून दिली, तरी त्याला जवळजवळ काहीच उघडता येणार नाही. एक कारण सुरक्षेचे. आजची संकेतस्थळे ज्या सांकेतिक पद्धतीने बोलतात ती विंडोज ९८ च्या ब्राउझरला येत नाही, आणि जुन्या पद्धती फोडता येतात म्हणून त्यांना नकार द्यावा लागतो. हे मी मान्य करतो. पैशाचे आणि ओळखीचे व्यवहार कमकुवत कुलपामागे ठेवता येणार नाहीत. दुसऱ्या कारणाला मात्र मी सूट देऊ शकत नाही. आजचे सरासरी वेबपान दोन एमबीच्या पुढे गेले आहे. ४०,००० बिटांच्या लाइनीवर त्याला सात मिनिटे लागतील. त्यात वाचायचा मजकूर असतो काही केबी. उरलेला भार वाचणाऱ्याला विचारून लादलेला नसतो. तुमच्या फोनला, तुमच्या शेतातल्या एका कांडीच्या नेटवर्कला हे पेलेल का, हा प्रश्न पलीकडचे यंत्र आता क्वचितच विचारते. पान उघडत नाही तेव्हा माणूस आपलाच फोन जुना झाला म्हणतो आणि नवा घेतो, किंवा मी-सेवा केंद्रात जाऊन रांगेत उभा राहतो.

महाराष्ट्रात याच्या उलट दिशेने केलेला एक प्रयोग झाला आहे, आणि त्याची आठवण फार कमी निघते. वारणानगरला १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने सुरू झाली. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला आपल्या उसाचे वजन आणि देणे कळे. काही वर्षांत संगणक जुने होत गेले, त्यांची देखभाल जड होऊ लागली. तेव्हा संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवला आणि तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिली. शेतकऱ्यांना ती पटली. देवनागरीत एका एसएमएसला सत्तर अक्षरे मिळतात. वजन, तारीख आणि रक्कम त्यात आरामात मावते. आमच्या भागातल्या पहाणीतली, म्हणजे जमिनीच्या कागदातली, नोंद, भैंशाचा कापसाचा भाव, मुलीच्या परीक्षेचा निकाल हेही तेवढ्यात मावणारे आहे, तेलुगूत आणि मराठीतही, आणि निर्मलच्या जिल्हा कचेरीकडे ते मागायला आमच्या गावाने जायला हवे.