यंत्राचा विषमज्वर

जे सदैव बिघडलेले असते त्याच्याशी माणूस जुळवून घेतो. छळते ते अधूनमधून बिघडणारे. माझ्याकडे मायक्रोफोनचा एक जुना प्रीअँप आहे, गेल्या शतकाच्या सत्तरीतला, ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडामुळे हाताला जड लागणारा. व्होल्टच्या हजारांशाने मोजावा लागणारा मायक्रोफोनचा क्षीण संकेत शेकडो पटींनी वाढवून पुढे सोपवणे एवढेच त्याचे काम, आणि ते तो इतक्या निमूटपणे करत आला की त्याच्या वयाचा विचार कधी मनाला शिवला नाही. मग एका ध्वनिमुद्रणात, मैफल रंगात आल्यावर, तार षड्जावर आवाज फाटला. तोच स्वर पुन्हा लावून घेतला तर तो निर्मळ. गाणाऱ्याने माझ्याकडे पाहिले, मी यंत्राकडे, आणि त्या क्षणापासून आमच्यापैकी कोणाच्याच कानांवर कोणाचा पूर्ण विश्वास उरला नाही.

आपल्या जुन्या वैद्यांना ही अवस्था चांगली ठाऊक होती. रोज ठरल्या वेळी चढणारा, तिसऱ्या दिवशी परतणारा, चौथ्या दिवशी फिरून गाठणारा, अशा तापांना त्यांनी विषमज्वर म्हटले, आणि मधल्या ज्वरमुक्त दिवसाला ते आरोग्य समजले नाहीत. चरकसंहितेत म्हटले आहे की दोष तेव्हाही धातूंमध्ये दडून असतो. भूमीत पडून राहिलेले बीज काळ येताच अंकुरावे तसा तो आपले बळ वाढण्याची वाट पाहतो. त्या प्रीअँपसमोर बसलो की मला या दृष्टांताची यथार्थता वारंवार जाणवे. झाकण उघडावे, एक किलोहर्ट्झचा शुद्ध सूर आत सोडावा, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याची लाट निर्दोष उमटावी; आणि त्या निर्दोषतेने समाधान वाटण्याऐवजी मन खिन्न व्हावे. जो बिघाड समोर नाही तो दुरुस्त करता येत नाही. वैद्य आणि कारागीर या दोघांवरच बहुधा अशी पाळी येते, की ज्याचे निवारण करायचे त्याच्याच आगमनाची त्यांनी आस धरावी.

प्रारंभी अर्थातच सोपे संशयित तपासले जातात: केबल बदला, मायक्रोफोन बदला, कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारा 48 व्होल्टचा पुरवठा मोजा, तोच संकेत शेजारच्या चॅनलमधून नेऊन पाहा. हा सगळा नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक: अमुक असता तमुक असते, अमुक नसता तमुक नसते. परंतु अधूनमधून येणारा दोष नेमका या व्यतिरेकालाच दगा देतो. केबल बदलली आणि आवाज फाटेनासा झाला, तर केबल दोषी की दोषच विश्रांतीला गेला? अनुभवी दुरुस्तीवाला ‘आता ठीक चालतंय’ या वाक्याला इतका का बिचकतो, ते इथे कळते.

अशा गूढलक्षण व्याधीसाठी चरकाने सुचवलेली परीक्षा मोठी मार्मिक आहे. लक्षणे स्पष्ट नसतील तेव्हा उपशय-अनुपशयाने पारखावे, म्हणजे कशाने बरे वाटते आणि कशाने बिघडते ते योजून पाहावे. दुरुस्तीच्या टेबलावर हेअर ड्रायर आणि गोठवणारा स्प्रे ठेवलेले असतात ते याच न्यायाने. ऊब द्यायची, शीत करायचे, बांबूच्या काडीने एकेक भाग हलकेच ठोकायचा, आणि कान लावून बसायचे. ठोकल्याने आवाज फाटला तर डाखाला गेलेली बारीक चीर किंवा सैल झालेला सांधा. तापल्यावर फाटला तर ट्रान्झिस्टर किंवा कपॅसिटर. घाई मात्र घातक, कारण मीटरची सुई जराशी दाबून टेकवली की चिरलेला डाख क्षणभर जुळतो आणि परीक्षणाच्या स्पर्शानेच पुरावा नाहीसा होतो.

गेनच्या फिरत्या स्विचने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. चांदीच्या काँटॅक्टवर कालांतराने काळपट थर चढतो. मोठा विद्युत्प्रवाह तो सहज भेदतो, पण मायक्रोफोनच्या अगदी दुबळ्या संकेतात ते सामर्थ्य नसते. म्हणून तो थरातून अडखळत, विरूप होऊन जातो. अशात कोणी मायक्रोफोन धाडकन आपटला, तर त्या धक्क्याने थर तुटतो आणि वाट पुढे काही काळ स्वच्छ राहते. जुन्या रेडिओच्या पाठीवर थाप मारणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण हसलो खरे, पण त्यांच्या थापेत थोडे शास्त्र होते. आमच्याकडच्या पावसाळी, दमट हवेत तर अशा थापांचे ऋतूच असतात.

आणि तरीही आवाज फाटणे हे स्वतः पाप नव्हे. 1960 साली नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचे ‘डोंट वरी’ हे गाणे मुद्रित होत असताना कन्सोलमधल्या एका चॅनलचा ट्रान्सफॉर्मर बिघडला, आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा स्वर करकरत, भुंगा गुणगुणावा तसा बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड हेतुपुरस्सर घडवणारे मंडल रचले; 1962 मध्ये ते ‘फझ-टोन’ या पेटीच्या रूपाने बाजारात आले आणि 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मधून जगभर ऐकू गेले. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी काढतात तेव्हा काय करतात? घोडीचा माथा अशा बाकाने घासतात की तार तिला सरळ न सुटता घासून सुटावी, आणि शुद्ध पण मुक्या स्वराऐवजी उपस्वरांचे झळझळते वलय उठावे. छेडण्याच्या बिंदूमुळे जे उपस्वर शास्त्रानुसार उमटूच नयेत तेही तंबोऱ्यात उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले. निर्विकार तार कोणालाच नको असते. नॅशव्हिलच्या करकरीत आणि मिरजेच्या जवारीत एक गुण समान आहे, की त्या हाक मारल्यावर येतात. माझ्या प्रीअँपची विकृती हाकेला येत नसे, आणि सौंदर्य व व्याधी यांतली सीमारेषा मला तरी एवढीच दिसते.

कानावरच्या अविश्वासाबद्दल मात्र एक उतारा आहे. रूपर्ट नीव्ह यांच्या नावाने जुने प्रीअँप आज पूजले जातात. 1970 साली आलेले त्यांचे 1073 हे मॉड्यूल त्यांतले अग्रगण्य. नीव्ह सांगत, की त्यांच्या एका कन्सोलमधले काही चॅनल बरोबर वाटत नाहीत अशी तक्रार ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी केली. तपासाअंती तिथे 54 किलोहर्ट्झला तीन डेसिबलचा उंचवटा सापडला. मनुष्याची श्रवणमर्यादा वीस किलोहर्ट्झच्या आसपास संपते. उपकरणांनी ‘काही नाही’ म्हटले तरी गाणाऱ्याची तक्रार मोडीत काढू नये, हे मी त्या कथेवरून मनाशी धरले.

माझ्या यंत्रातला दोष अखेर उष्णतेने बोलला. हेअर ड्रायरची झळ एका टँटलम कपॅसिटरवर गेली आणि पडद्यावरची लाट वरच्या बाजूने चपटी झाली. स्प्रेने तो गार केला तशी ती पुन्हा गोल झाली. एका टप्प्यातला स्थिर दाब अडवून फक्त स्वर पुढे जाऊ देणे हे त्याचे काम. वयपरत्वे तो तापल्यावर गळू लागला होता, त्यामुळे पुढच्या ट्रान्झिस्टरचा तोल ढळे आणि मोठ्या स्वराला वर चढायला जागाच उरत नसे. सगळेच जुने कपॅसिटर एकदम उपटून नवे बसवण्याची रीत हल्ली रूढ आहे. ती सुरक्षित असेल, पण तीत दोषाची ओळख पटत नाही, आणि कित्येकदा निरोगी भागही हकनाक जातात. मला ती पटत नाही.

नवा कपॅसिटर मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला. तो बसवताना झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली, पुसट झालेली एक तारीख आणि एका रेझिस्टरचे मूल्य दिसले. कोणा अनोळखी हाताने पुढच्या हातासाठी ठेवलेली ती नोंद माझ्या फार उपयोगी पडली, कारण एवढा एक भाग मूळचा नाही हे तिच्यामुळेच समजले. तिच्याखाली मी माझी ओळ लिहिली. तुम्ही कधी असे जुने यंत्र उघडलेत, तर काय बदलले आणि का, ते आत लिहून ठेवा.