गीता २.११ : गेलेल्याचं नाव



आज दुसऱ्या अध्यायातला अकरावा श्लोक. भगवंतांचा खरा उपदेश इथूनच सुरू होतो. अर्थ बहुतेकांना माहीत आहे: ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस, जाणते लोक गेलेल्यांसाठी शोक करत नाहीत आणि असलेल्यांसाठीही नाही.

कुणी गेलं की सांत्वनाला आलेलं कुणीतरी हा श्लोक ऐकवतंच. आणि घरचे त्याचा अर्थ घेतात, "आता विसरा." मला हा अर्थ पटत नाही. शोक करू नकोस असं म्हटलंय. नाव घेऊ नकोस असं कुठे म्हटलंय?

माझा दादा फौजेत होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. घोड नदीकाठचं आमचं गाव, आंबेगाव तालुक्यातलं. माणसं मायाळू. पण आईसमोर त्याचं नाव कोणी काढत नाही. विषय निघालाच तर "आपला फौजी" म्हणतात. आईला त्रास नको, एवढाच हेतू. (माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर अजून 'दादा आर्मी' म्हणून सेव्ह आहे. तो नंबर आता बंद आहे. असू दे.)

आमच्या शेजारचा तालुका जुन्नर. शिवनेरीवर गेलात की सगळे पाळण्यापाशी थांबतात, महाराजांचा जन्म १६३० चा. पण महाराजांना एक थोरले सख्खे भाऊ होते, संभाजीराजे, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं? त्यांची बायको जयंती ही याच शिवनेरीच्या किल्लेदाराची लेक. पुढे भावांची ताटातूट झाली. धाकटे आईसोबत पुण्यात, थोरले वडिलांसोबत बंगळूरला, आदिलशाही फौजेत. १६५५ च्या सुमारास कनकगिरीच्या लढाईत तोफेचा गोळा लागून थोरले गेले. या घराला हे नवं नव्हतं. शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले होते.

मग १४ मे १६५७ ला पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं संभाजी.

जरा जिजाऊंच्या बाजूने विचार करा. आपल्या गेलेल्या लेकाचं नाव रोज घरात घ्यायचं. "संभाजी, जेवायला चल." पहिल्यांदा हाक मारताना आवाज कसा निघाला असेल, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण ते नाव घरात पुन्हा वावरू लागलं, आणि राज्यही त्यांनी थांबवलं नाही. माझ्या मते अकरावा श्लोक जगणं ते हेच.

याच्या उलटं महाभारतात दिसतं. कुंतीने कर्णाचं नाव आयुष्यभर गिळलं. युद्ध संपलं, गंगेकाठी मृतांना पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा ती पोरांना म्हणाली, त्यालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळला. ज्या अर्जुनाने हा श्लोक भगवंतांच्या तोंडून ऐकला, त्याच्याच हातून तो भाऊ गेला होता. त्या दिवशी त्याला पाणी तर दिलंच, पण आधी तो कोण हे मोठ्याने सांगावं लागलं.

आपल्या शास्त्राने तर यासाठी जागाच करून ठेवलीय. पितृपक्षात चतुर्दशी शस्त्राने गेलेल्यांची, घातचतुर्दशी. तर्पण नाव-गोत्र उच्चारूनच होतं, "आपला फौजी" म्हणून चालत नाही.

दादाचं आम्ही त्याच दिवशी करतो. यंदा गुरुजींनी नाव विचारलं. मी सांगितलं. सगळे गप्प. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "नुसतं नाव काय सांगतोस, हवालदार म्हण की आधी."

गुरुजींनी तसंच म्हटलं.

उद्या बारावा श्लोक घेऊ. आज जमलं तर अकरावा एकदा मोठ्याने म्हणा.

रामकृष्ण हरी.