नांव न विचारतां केलेला प्रवास

गेल्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब कोल्हापुरास निघालों होतों. बोरिवलीस महामार्गालगतच्या एका दलालानें माणशीं १५० रुपये कमी सांगितले. अट एवढीच, कीं गाडी कोणाची तें आधीं विचारावयाचें नाहीं. "जिच्यांत जागा उरेल तिच्यांत बसवितों, साहेब." आम्ही चौघे, ६०० रुपये वांचले. मध्यरात्रीं कराडच्या अलीकडे गाडी बंद पडली. चालक म्हणाला, "तिकीट ज्यानें दिलें त्यास विचारा." दलाल दूरध्वनीवर म्हणाला, "गाडी ज्याची त्यास विचारा." पहांटे दुसऱ्या एका गाडींत उभ्यानें आम्ही पुढचा प्रवास केला. तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घोळत आहे: त्या ६०० रुपयांच्या मोबदल्यांत आम्हीं नेमकें काय विकलें?

हा व्यवहार मुळांतच अनीतीचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंत १९९८ सालीं 'प्राइसलाइन'नें हीच रीत विमानप्रवासास लाविली. उतारूनें आपली किंमत सांगावयाची; ती मान्य होऊन पैसे गेल्यावरच कंपनीचें नांव त्यास कळे. विमान उडालें, कीं रिकाम्या आसनाचें मोल शून्य. पण उघडपणें दर उतरविला, तर पुरे भाडें देणारेही तोच मागणार. म्हणून नांव झांकावयाचें. यांत दोघांचा लाभ आहे व दोघांसही अट ठाऊक आहे. आपल्या रेल्वेच्या २०१५ पासूनच्या 'विकल्प' योजनेंतही प्रतीक्षायादींतील उतारू दुसऱ्या गाडीनें जाण्यास आधींच संमति देतो. जागा कोणत्या गाडींत मिळाली, तें मागाहून कळतें. परंतु गाडी कोणतीही असो, उत्तरदायी रेल्वेच, याविषयीं त्याच्या मनांत संशय नसतो.

येथें कोणी म्हणेल, कीं नांव ठाऊक असून तरी काय होतें? किंगफिशरचीं विमानें २०१२ त थांबलीं, जेटचीं एप्रिल २०१९ मध्यें. दोन्ही नांवें घरोघर ठाऊक होतीं, आणि तिकिटें हातांत धरून लोक बसलेच. हा आक्षेप खरा आहे. नांव म्हणजे सेवेची हमी नव्हे. पण नांव हा दाद मागण्याचा पत्ता आहे. त्या उतारूंस पैसे मिळोत न मिळोत, मागावयाचे कोणाकडे हें त्यांस ठाऊक होतें. कराडच्या रस्त्यावर आम्हांस तेंही ठाऊक नव्हतें.

तेव्हां भेद करावयाचा तो येथें. नांव झांकणें क्षम्य आहे. जबाबदारी झांकणें क्षम्य नाहीं. आपल्याकडील ई-व्यापाराच्या २०२० च्या ग्राहकसंरक्षण नियमांनीं विक्रेत्याचें नांव खरेदीपूर्वींच ग्राहकास कळलें पाहिजे असें ठरविलें, त्याचें मर्म हेंच. ज्या मध्यस्थास नांव गुप्त ठेवावयाचें असेल, त्यानें निदान "चुकल्यास मी उत्तर देईन" एवढें तरी म्हणावें.

आणि दोष एकट्या दलालाचा नाहीं. ज्याच्या खिशांत पुरें भाडें नाहीं, तो अशी अट निरुपायानें पतकरतो. आमच्या खिशांत तें होतें. आम्हीं विकला तो विचारण्याचा अधिकार, आणि तोही स्वस्तांत. परतीच्या तिकिटाच्या वेळीं आम्हीं प्रथम गाडीच्या मालकाचें नांव विचारलें, मग भाडें.