दुसऱ्याचा वेष

वेष हा माणसाचा देह नव्हे. तरी देहापेक्षा, आणि पुष्कळदा स्वभावापेक्षाही, वेषावरूनच माणसाची पारख करण्याची खोड आपणां सर्वांस जडलेली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही नीतीचा प्रश्न दडलेला असेल अशी शंकाही पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनास शिवली नव्हती. ती शिवली ती कोणा ग्रंथामुळे नव्हे, तर आमच्याच एका विद्यार्थिनीच्या दोन वाक्यांमुळे.

ही मुलगी डहाणू तालुक्यातील सायवनच्या बाजूची, वारली समाजातील. कासा मागे टाकून सायवनकडे निघाले म्हणजे भातखाचरे, कुडाच्या भिंतींची घरे आणि त्यांच्यामागे उभे असलेले डोंगर दिसू लागतात. तिकडून ती एस.टी.ने रोज महाविद्यालयात येई. स्नेहसंमेलनात तारप्याचे नृत्य ठेवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा समितीचे अध्यक्ष या नात्याने आम्ही तिला मोठ्या प्रेमाने म्हणालो, "तू मात्र तुमच्या खऱ्या वेषात ये हं. गुडघ्यापर्यंतचे लुगडे, गळ्यात मणी, सगळे जसेच्या तसे." तिच्या अंगात नेहमीचा पंजाबी पोशाख होता. क्षणभर खाली पाहून ती म्हणाली, "सर, माझा खरा वेष हाच आहे. तो आजीचा आहे."

नृत्यात ती आली नाही. कपडे भाड्याच्या दुकानातून आणावे लागले. त्यांत रंगीत पिसांचे मुकुट आणि प्लास्टिकच्या पानांचे घागरे होते. टाळ्या भरपूर पडल्या. मागाहून शिक्षकांच्या खोलीत आम्ही असा अभिप्राय दिला की, शिकले म्हणजे या मुलांस आपल्या माणसांची लाज वाटू लागते. त्यास मान डोलावणारांची उणीव पडली नाही.

आता त्या 'खऱ्या' वेषाकडे जरा पाहू. आखूड नेसलेले लुगडे, काचेच्या मण्यांच्या माळा, अंबाड्यात फूल, हातांवर गोंदण. पाहणाराचे डोळे निवावेत असे हे रूप आहे, यात संशय नाही. परंतु लुगडे गुडघ्यावर का असते? आवणीच्या दिवसांत पोटरीएवढ्या चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या बाईस घोट्यापर्यंतचे नऊवार नेसून कसे चालेल? आणि आणखीही एक कारण आहे, जे आम्ही रसिक मंडळी सहसा उच्चारीत नाही: कापडास पैसा पडतो. जे आम्हांस साधेपणाचे सौंदर्य वाटते त्यात आवड किती, सोय किती आणि ओढग्रस्तपणा किती, याची फोड दुरून कोणी करावी? ज्या मुलुखात लग्नापुरते कर्ज काढले म्हणून नवरा-बायकोस सावकाराच्या घरी 'लग्नगडी' होऊन राबावे लागे, आणि ती वेठ मोडण्यास १९४५ चा वारल्यांचा लढा व्हावा लागला, तेथे अंगावर काय घालावे हा प्रश्न केवळ हौसेचा कधीच नव्हता. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचले आहे त्यांस हे अधिक सांगावयास नको.

या संबंधात आपल्याच प्रांतातील दोन प्रसंग आम्हांस वारंवार आठवतात. १९२७ च्या डिसेंबरात महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांस सांगितले की, तुमच्या लुगडे नेसण्याच्या रीतीवरून आणि अंगावरच्या जड, हलक्या धातूच्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता. ती रीत सोडा, ते दागिने टाका, वरिष्ठ वर्गाच्या बायकांसारखे नेसा. परंपरेच्या भक्तास हा उपदेश कठोर वाटेल. पण तो दागिना नव्हता, खूण होती. आणि ती दुसऱ्यांनी उमटविलेली होती. उलट १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तीत बड्या बड्या पोशाखी मंडळींमध्ये जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले. एकाने जुना वेष टाकावयास सांगितले, दुसऱ्याने तो मुद्दाम अंगावर चढविला. वरवर पाहता यांत विरोध आहे. आम्हांस तो दिसत नाही. दोन्ही ठिकाणी निवड ज्याच्या अंगाचा प्रश्न त्याच्या हाती होती. आमच्या संमेलनात मात्र ती आम्ही करू पाहत होतो.

इंग्रजी शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून स्कॉटलंडची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. तेथील डोंगराळ भागातील लोकांचे बंड मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने त्यांच्या पुरुषांस आपला जातिवंत पोशाख घालण्याची बंदी झाली. ती १७८२ साली उठली. पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या त्या समारंभात तोच पोशाख खुद्द राजेसाहेबांच्या अंगावर शोभला! आणि याच सुमारास मेंढ्यांस कुरणे हवीत म्हणून त्या डोंगरी लोकांस त्यांच्या घरांतून हुसकून लावण्याचे काम चालू होते. वेष दरबारी आला. वेषाचे धनी रस्त्यावर होते.

हे आपल्याकडे घडत नाही असे कोणी म्हणू नये. वारल्यांच्या लग्नात सुवासिनींनी भिंतीवर तांदळाच्या पिठीने काढावयाचा चौक आज आमच्या घरच्या साड्यांवर आणि कुडत्यांवर छापलेला असतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांस २०११ साली पद्मश्री मिळाली याचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो वाटावयासच हवा. पण त्यांची भिंत आम्ही अंगावर घालावी, आणि त्यांच्या नातीने मात्र गिरणीचा कुडता घातला तर हळहळावे, हा कोणता न्याय? आम्ही धोतर कधी सोडले ते आम्हांस आठवत देखील नाही. त्या दिवशी आमच्या खऱ्या वेषासाठी कोणी गहिवरला नव्हता.

तरीही आमचा एक मित्र विचारतो तो प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. तो म्हणतो, "प्रत्येकाने आपल्या मर्जीने एकसारखाच बाजारी पोशाख घेतला तर आणखी तीस वर्षांनी ते लुगडे कोणास नेसता तरी येईल काय? मर्जी ती, पण तिच्यामागे वर्गातल्या पोरांचे हसणे असेल तर ती मर्जी कसली?" हे म्हणणे खरे आहे. लाजेने टाकलेले वस्त्र स्वखुशीने टाकले असे म्हणता येत नाही. मात्र मग उपाय त्या मुलीच्या पोशाखात नसून हसणाऱ्या पोरांत, आणि त्यांच्या शिक्षकांतही, शोधावा लागेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडास काम आरंभिले तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येईनात. म्हणून त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. आधी गुरे सोडा, मग अक्षरे देऊ, असे त्या म्हणाल्या नाहीत. आम्ही आधी वेष मागितला होता.

ती मुलगी पुढे पदवीधर झाली. गेल्या ऑगस्टच्या ९ तारखेस, जागतिक आदिवासी दिनी, काही कामानिमित्त आम्ही कासा येथे होतो. समोरून मिरवणूक आली. तारपा वाजत होता, आणि एकमेकींच्या कमरेस हात घालून नाचणाऱ्या बायकांत ती होती. गुडघ्यापर्यंत लुगडे, गळ्यात मण्यांच्या माळा, अंबाड्यात फूल. आम्ही थांबलो. तिने आम्हांस पाहिले, हसून नमस्कार केला, आणि फेर न मोडता म्हणाली, "सर, लुगडे आजीचेच आहे."

आम्हांस अतिशय आनंद झाला. पण खरे सांगावयाचे तर त्या आनंदाच्या आधी, एका निमिषापुरता, निराळाच विचार मनात येऊन गेला. तिच्या पायांत पांढरे कापडी बूट होते, आणि ते नसते तर किती बरे झाले असते असे आम्हांस वाटले.